इंग्रजी शब्द एक, स्पॅनिश शब्द चार: भाषांतरात पुन्हा पुन्हा होणाऱ्या एका चुकीचे निवारण

इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतर करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे एक तक्रार ठरावीक काळाने परत येते. शब्द शब्दकोशात सापडतो, व्याकरण तपासून पाहिले तरी निर्दोष असते, आणि तरीही स्पॅनिश मातृभाषा असलेला वाचक म्हणतो की येथे हा शब्द बसत नाही. आपण तो शब्द दुरुस्त करतो, आणि महिन्याभराने तीच चूक दुसऱ्या शब्दाच्या रूपाने समोर उभी राहते. शब्द बदलत राहिला तरी चुकीचे मूळ मात्र एकच असते, आणि ते स्पॅनिशच्या बाजूला नसून इंग्रजीच्या बाजूला असते, असे माझे मत झाले आहे. (या लेखातील स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतील उच्चारांच्या जवळ जाणाऱ्या पद्धतीने देवनागरीत लिहिले आहेत.)

माझ्याच हातून घडलेला प्रकार आधी सांगतो. खरेदीच्या एका ॲपमधील मजकूर भाषांतरासाठी आला होता. मजकूर म्हणजे वाक्ये नव्हती. स्प्रेडशीटच्या एका रकान्यात सुटे इंग्रजी शब्द होते आणि शेजारचा रकाना माझ्यासाठी रिकामा होता. त्यात ‘ऑर्डर’ हा शब्द चार वेगवेगळ्या ओळींत आला होता. पहिल्या ओळीसमोर मी ‘ओर्देन’ लिहिले, आणि जुने भाषांतर लक्षात ठेवून पुन्हा वापरणाऱ्या सॉफ्टवेअरने उरलेल्या तीन ओळी स्वतःच भरून टाकल्या. वेळ वाचला म्हणून मला त्या क्षणी बरेच वाटले. प्रत्यक्ष ॲप पाहिल्यावर समजले की एक ‘ऑर्डर’ म्हणजे माल मागवण्याचे बटण होते, दुसरी मागवलेल्या वस्तूंच्या यादीवरचे शीर्षक होती, तिसरी यादी क्रमाने लावण्याची आज्ञा होती आणि चौथी म्हणजे तो क्रम. माझा शब्द यांपैकी फक्त चौथ्या जागी योग्य होता. बटणावर ‘पेदीर’ हे क्रियापद हवे होते, शीर्षकाला ‘पेदिदो’ हवे होते आणि क्रम लावण्यासाठी ‘ओर्देनार’.

एवढ्यावर ते थांबले नाही. ‘ओर्देन’ हा शब्द पुल्लिंगी असला, म्हणजे ‘एल ओर्देन’ म्हटले, तर त्याचा अर्थ क्रम किंवा व्यवस्था असा होतो. तोच शब्द स्त्रीलिंगी करून ‘ला ओर्देन’ म्हटले की तो हुकूम होतो. ‘तुमची ऑर्डर पूर्ण करता आली नाही’ या संदेशात मी स्त्रीलिंगी रूप वापरले होते, त्यामुळे खरेदी करणाऱ्या बिचाऱ्या ग्राहकाला त्याचा हुकूम पार पाडता न आल्याची खबर मिळत होती. गंमत अशी की मेक्सिकोतील एका वाचकाला यात काही खटकले नाही, कारण तेथे खाण्याचे पदार्थ मागवण्याच्या संदर्भात ‘ओर्देन’ सर्रास चालते. स्पेनमधील वाचकाला मात्र ते लगेच खटकले. एका तपासनिसाने मान्य केले म्हणून चूक नाही, असे गृहीत धरण्याची माझी सवय त्या दिवशी सुटली.

निदान

शब्दकोश अपुरा असल्यामुळे ही चूक होत नाही. अर्थ ठरवण्याआधीच आपण शब्द शोधायला घेतो, म्हणून ती होते. ‘ऑर्डरला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात’ हा प्रश्नच अपुरा आहे; ‘मागवलेल्या मालाला काय म्हणतात’ हा प्रश्न पुरेसा आहे, आणि त्याला बहुतेक वेळा एकच उत्तर असते.

इंग्रजीच्या बाबतीत ही अडचण जास्त तीव्र होते, याला भाषेच्या रचनेतील एक कारण आहे. इंग्रजीत नाम, क्रियापद आणि विशेषण यांचे रूप पुष्कळदा अगदी सारखे असते. ‘ओपन’ हा शब्द बटणावर असेल तर ती आज्ञा असते आणि दारावरच्या पाटीवर असेल तर ती स्थिती असते. स्पॅनिशला असे संदिग्ध राहण्याची मुभा नाही: पहिल्या ठिकाणी ‘आब्रीर’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘आब्येर्तो’ असे वेगळे रूप घ्यावेच लागते, आणि दुसऱ्याचे लिंग कशाच्या संदर्भात ते उघडे आहे यावर ठरते. ‘सेव्ह’ हा शब्दही असाच आहे. फाइल जपून ठेवायची असेल तर ‘ग्वार्दार’, पैसे वाचवायचे असतील तर ‘आओर्रार’, आणि कोणाचा जीव वाचवायचा असेल तर ‘साल्बार’. सवलतीच्या जाहिरातीत ‘ग्वार्दार’ छापले गेले तर ग्राहकाला सवलत मिळत आहे हे कळणारच नाही.

पहिला उपाय: वाक्य आधी मराठीत म्हणून पाहावे

स्पॅनिश शब्दकोश उघडण्यापूर्वी मूळ इंग्रजी वाक्य मराठीत म्हणून पाहणे हा मला सर्वांत उपयोगी पडलेला उपाय आहे. हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण तो तसा नाही, कारण इंग्रजी जेथे एका शब्दावर भागवते तेथे मराठी अनेकदा नेमकी स्पॅनिशसारखीच फोड करते. ‘आस्क’ या एका शब्दासाठी आपल्याकडे विचारणे आणि मागणे असे दोन शब्द आहेत. स्पॅनिशमध्येही ‘प्रेगुंतार’ आणि ‘पेदीर’ असे दोनच आहेत आणि त्यांची वाटणी जवळजवळ तशीच आहे. ‘लेटर’ म्हणजे पत्र असेल तर ‘कार्ता’, अक्षर असेल तर ‘लेत्रा’. ‘फ्री’ म्हणजे मोकळा किंवा स्वतंत्र असेल तर ‘लीब्रे’, फुकट असेल तर ‘ग्रातिस’. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतील लोक इंग्रजीत बोलतानासुद्धा ‘लीब्रे’ हा शब्द उसना घेतात, तो याच गोंधळातून सुटण्यासाठी. ‘प्ले’ म्हणजे खेळणे की वाजवणे, हे मराठीत बोलताना आपसूकच ठरते, आणि ते ठरले की ‘खुगार’ आणि ‘तोकार’ यांच्यात निवड करण्याची गरजच उरत नाही.

‘टाइम’ या शब्दाजवळ थोडे अधिक थांबायला हवे, कारण नवशिक्यांच्या मजकुरात याच शब्दावर सर्वाधिक लाल खुणा पडलेल्या मी पाहिल्या आहेत. ‘टाइम’ला ‘त्येंपो’ म्हणायचे, एवढे पाठ असते, आणि मग तो सगळीकडे घातला जातो. मराठीत मात्र आपण ‘किती वाजले’ असे विचारतो, ‘वेळ नाही’ म्हणतो, ‘तीनदा सांगितले’ म्हणतो, ‘त्या काळी असे नव्हते’ म्हणतो आणि गुणाकारात ‘तीन गुणिले चार’ म्हणतो. या पाचही जागी इंग्रजीत ‘टाइम’ येतो, आणि स्पॅनिशमध्ये पाचही जागी वेगळा शब्द येतो: वाजले किती हे विचारताना ‘ओरा’, सवड या अर्थी ‘त्येंपो’, खेप या अर्थी ‘बेस’, कालखंड या अर्थी ‘एपोका’, आणि गुणाकारात तर नुसते ‘पोर’. मजेत वेळ गेला असे सांगताना स्पॅनिश माणूस काळाचे नावही घेत नाही. तो ‘पासार’ या क्रियापदावर भागवतो. म्हणून इंग्रजी शब्दाच्या जागी स्पॅनिश शब्द ठेवायचाच, हा हट्टही सोडावा लागतो.

‘लीव्ह’ आणि त्याचे भूतकाळी रूप ‘लेफ्ट’ यांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. गाडी आठ वाजता सुटते, तेव्हा ‘सालीर’. ती निघून गेली, तेव्हा ‘ईर्से’. एखादी गोष्ट कुठे ठेवली किंवा कोणाला सोडले, तेव्हा ‘देखार’. तीन उरले आहेत, तेव्हा ‘केदार’. डावी बाजू दाखवायची असेल, तर ‘इस्क्येर्दा’. मराठीत सुटणे, निघून जाणे, ठेवणे, उरणे आणि डावा हे शब्द एकमेकांच्या जागी येण्याची शक्यता नाही, म्हणून वाक्य मराठीत म्हणताच अर्धे काम होऊन जाते. किल्ल्या घरी विसरल्या, ही गोष्ट आपण ‘माझ्या किल्ल्या घरी राहिल्या’ अशी सांगतो. दोष स्वतःकडे न घेता किल्ल्यांनाच कर्ता करून टाकतो. स्पॅनिश माणूसही ‘से मे केदारोन लास याबेस एन कासा’ असेच म्हणतो, म्हणजे ‘माझ्या किल्ल्या घरी राहिल्या’. इंग्रजीच्या मार्गाने गेलेल्या भाषांतरकाराला हे वाक्य सहसा सुचत नाही. मराठीच्या मार्गाने गेलेल्याला ते फार लवकर सापडते.

मराठीची चाळणी जेथे गळते

मात्र या उपायावर आंधळा विश्वास ठेवू नये, कारण काही जागी आपली भाषाही इंग्रजीइतकीच, कधी कधी तिच्याहूनही अधिक, मोघम असते. ‘कॉर्नर’ म्हणजे कोपरा, आणि कोपरा हा शब्द खोलीच्या आतल्या कोपऱ्यालाही चालतो आणि रस्त्याच्या वळणावरच्या कोपऱ्यालाही. स्पॅनिशमध्ये आतून दिसणारा कोपरा ‘रिंकोन’ आणि बाहेरून दिसणारा ‘एस्किना’. ‘कोपऱ्यावर भेटू’ या वाक्यात ‘रिंकोन’ घातला तर समोरचा माणूस खोलीत वाट पाहत बसेल. मासा पाण्यात पोहत असेल तर ‘पेस’, पकडून खाण्यासाठी आणला असेल तर ‘पेस्कादो’. बाहेर दिसणारा कान ‘ओरेखा’, ऐकण्याचे इंद्रिय किंवा आतला कान ‘ओईदो’; त्यामुळे कानात दुखते असे डॉक्टरांना सांगताना ‘ओईदो’ म्हणावे लागते.

‘पाय’ आणि ‘हात’ यांच्या बाबतीत तर मराठी इंग्रजीपेक्षाही सैल आहे. पाय म्हणजे पाऊल की अख्खा पाय, हात म्हणजे पंजा की खांद्यापासूनचा हात, हे आपण प्रसंगावर सोडतो. स्पॅनिशमध्ये पाऊल ‘प्ये’, माणसाचा पाय ‘प्येर्ना’ आणि प्राण्याचा किंवा टेबलाचा पाय ‘पाता’. हाताचा पंजा ‘मानो’ आणि त्यावरचा भाग ‘ब्रासो’. येथे मराठीतून गेल्यास इंग्रजीने दिलेली माहितीसुद्धा हरवते. अशा शब्दांची स्वतंत्र यादी करून ती टेबलासमोर लावून ठेवावी, असा माझा अनुभवाचा सल्ला आहे. माझ्या यादीत सध्या बाराएक शब्द आहेत आणि त्यातील निम्मे शरीराच्या अवयवांचे आहेत.

‘नो’ म्हणजे माहीत असणे, हे समीकरणही अर्धेच खरे आहे. वस्तुस्थिती माहीत असेल किंवा एखादी गोष्ट करता येत असेल तर ‘साबेर’ आणि ओळख किंवा परिचय असेल तर ‘कोनोसेर’. ‘मला पोहता येते’ हे वाक्य ‘साबेर’ने होते; ते शक्यतेच्या क्रियापदाने करण्याची चूक इंग्रजीमुळे होते आणि मराठीतील ‘येणे’ लक्षात ठेवल्यास टळते. पण ‘मला माद्रिद माहीत आहे’ या वाक्यात मराठी आपल्याला ‘साबेर’कडे ढकलते आणि ते चूक ठरते, कारण शहराशी असतो तो परिचय. उलट भूतकाळात मराठी पुन्हा मदतीला धावते: काल कळले, तेव्हा ‘साबेर’चे रूप आणि काल ओळख झाली, तेव्हा ‘कोनोसेर’चे रूप. ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत; त्यांनी होणारा घोळ स्पॅनिश शिकणाऱ्या सर्वांना परिचित आहे, म्हणून येथे थोडक्यात नमुना देतो. ‘सेर’ वापरून एखाद्याला ‘लिस्तो’ म्हटले तर तो हुशार असतो आणि ‘एस्तार’ वापरून म्हटले तर तो तयार असतो; तसेच ‘बेर्दे’ फळ ‘सेर’बरोबर हिरव्या रंगाचे असते आणि ‘एस्तार’बरोबर कच्चे असते.

सर्वनामाचाही येथे समावेश करायला हवा, कारण ‘यू’ हा कदाचित इंग्रजीतील सर्वांत जास्त अर्थ पोटात घेऊन फिरणारा शब्द आहे. मराठीतील तू आणि तुम्ही यांची मदत होते, पण आपले ‘तुम्ही’ एका आदरणीय व्यक्तीलाही चालते आणि अनेकांनाही, तर स्पॅनिशमध्ये एकासाठी ‘उस्तेद’ आणि अनेकांसाठी ‘उस्तेदेस’ असा स्पष्ट फरक आहे. शिवाय जवळिकीच्या अनेकवचनासाठी स्पेनमध्ये ‘बोसोत्रोस’ वापरतात, लॅटिन अमेरिकेत तेथेही ‘उस्तेदेस’च चालते, आणि अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ येते. मजकूर कोणत्या देशासाठी आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

दिशा दाखवणारा एक स्वर

‘राइट’ या शब्दाचे मराठीत उजवा, हक्क आणि बरोबर असे तीन अर्थ सहज सुटे होतात. स्पॅनिशमध्ये उजवी बाजू ‘देरेचा’, हक्क किंवा कायदा ‘देरेचो’ आणि बिनचूक या अर्थी ‘कोर्रेक्तो’. तुझे बरोबर आहे, असे म्हणताना मात्र ‘त्येनेस रासोन’ म्हणतात, ज्यात बरोबर असणे हा गुण नसून जवळ बाळगण्याची वस्तू असते. खरा धोका पहिल्या दोन शब्दांत आहे. ‘देरेचो’ या शब्दाचा आणखी एक अर्थ सरळ असा आहे, त्यामुळे ‘सीगा देरेचो’ म्हणजे सरळ जा आणि ‘आ ला देरेचा’ म्हणजे उजवीकडे. शेवटचा एक स्वर बदलला की माणूस वेगळ्या रस्त्याला लागतो. (स्पेनमध्ये सरळ या अर्थी ‘रेक्तो’ जास्त ऐकू येते, त्यामुळे तेथे हा धोका थोडा कमी होतो.) रस्ता दाखवणाऱ्या सूचनांचे भाषांतर मी लिहून झाल्यावर मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक वळणावर बोटाने दिशा दाखवून पाहतो, पाहणाऱ्याला ते विचित्र वाटत असले तरी दोन चुका अशा रीतीनेच सापडल्या आहेत.

तपासणी कशी करावी आणि कशी करू नये

स्पॅनिश शब्द सापडल्यावर तो पुन्हा इंग्रजीत उलटवून पाहण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण नेमक्या याच अडचणीत ती दगा देते. बागेतल्या बाकासाठी ‘बांको’ हा शब्द अगदी योग्य आहे. तो उलटवला तर इंग्रजीत पैशांची बँक समोर येते आणि आपण बरोबर असलेला शब्द खोडून टाकतो. याच्या उलट, नदीच्या काठाला चुकून ‘बांको’ म्हटले, तर उलटवल्यावर मूळचा इंग्रजी शब्द जसाच्या तसा परत येतो आणि चुकीवर शिक्कामोर्तब होते, जरी काठाला ‘ओरिया’ म्हणायला हवे होते. ज्या दोन शब्दांना आपापल्या भाषेत अनेक अर्थ आहेत, त्यांची अशी अदलाबदल करून काहीही सिद्ध होत नाही. यंत्राकडून भाषांतर करून घेणाऱ्यांनीही सुटा शब्द देऊ नये. यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून अर्थ ओळखते, आणि आजूबाजूला काहीच नसेल तर ते बहुधा सर्वाधिक प्रचलित अर्थ उचलते.

त्यापेक्षा स्पॅनिशचा स्पॅनिशमध्येच अर्थ देणारा कोश पाहावा. 1713 साली माद्रिदमध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश भाषेच्या शाही अकादमीच्या कोशाची 23वी आवृत्ती 2014 साली निघाली आणि तो कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. त्यात प्रत्येक अर्थाला क्रमांक असतो, लिंग दिलेले असते आणि तो अर्थ कोणत्या देशात चालतो हे संक्षेपाने नोंदलेले असते. हे संक्षेप वाचायचा कंटाळा करू नये. ‘टेक’ या अर्थाचे ‘कोखेर’ हे क्रियापद स्पेनमध्ये बस पकडण्यापासून पुस्तक उचलण्यापर्यंत दिवसभर वापरले जाते, पण मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात त्याला लैंगिक आणि असभ्य अर्थ आहे. तेथील वाचकासाठी ‘तोमार’ किंवा ‘आगार्रार’ सुरक्षित ठरते. कोशात आपल्या हव्या त्या अर्थाची ओळ सापडली नाही, तर शब्द चुकला आहे असे समजून पुन्हा मराठी वाक्याकडे परतावे.

नकाशांच्या कामात ‘की’ या शब्दाने मला एकदा चांगलेच फिरवले होते. कुलपाची किल्ली ‘याबे’, कीबोर्डवरची कळ ‘तेक्ला’, गुपित उलगडणारी किंवा मध्यवर्ती गोष्ट ‘क्लाबे’, नकाशावरच्या खुणांची सूची ‘लेयेंदा’, इथपर्यंत सर्व सुरळीत होते; पण फ्लोरिडाच्या नकाशावर ‘की’ म्हणजे छोटे सखल बेट असते आणि त्याला स्पॅनिशमध्ये ‘कायो’ म्हणतात. ‘की वेस्ट’ या गावाचे स्पॅनिश नाव ‘कायो वेसो’, म्हणजे हाडांचे बेट, असे आहे आणि तेच नाव मूळचे आहे. ‘वेसो’चा ‘वेस्ट’ इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानांनी केला. तेथे पश्चिम या अर्थाचा शब्द घालणारा भाषांतरकार एका जुन्या गैरसमजाचे पुन्हा भाषांतर करत असतो.

चूक परत येऊ नये म्हणून

भाषांतराचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी सारख्या दिसणाऱ्या ओळी आपोआप भरण्याची सोय एका शब्दाच्या ओळींपुरती बंद करावी. लांब वाक्यांना तिचा धोका कमी असतो. सॉफ्टवेअरमधील मजकूर भाषांतरासाठी वेगळा काढणाऱ्या गेटटेक्स्टसारख्या व्यवस्थेत प्रत्येक ओळीला संदर्भाची टीप जोडण्याची सोय असते, ती प्रोग्रॅमर मंडळी क्वचितच भरतात, आणि ती भरून मागणे हा आपला हक्क आहे. स्वतःचा शब्दसंग्रह ठेवताना इंग्रजी शब्दाला नव्हे, तर अर्थाला ओळ द्यावी: डाव्या रकान्यात मराठीतील अर्थ, मधे इंग्रजी शब्द, उजवीकडे स्पॅनिश शब्द त्याच्या लिंगासह, आणि शेवटी देश. अशी मांडणी केल्यावर ‘ऑर्डर’ ही एक नोंद राहतच नाही.

माझ्या त्या स्प्रेडशीटमध्ये आता मागवा, मागवलेला माल, क्रम लावा आणि क्रम अशा चार ओळी आहेत आणि त्यांच्यासमोर चार वेगळे शब्द आहेत. त्याच स्प्रेडशीटच्या तळाशी ‘चार्ज’ हा शब्द आहे. तो बॅटरीसाठी असेल तर ‘कार्गार’ आणि पैसे आकारण्यासाठी असेल तर ‘कोब्रार’. ॲपमध्ये दोन्ही गोष्टी आहेत, त्यामुळे नुसत्या यादीवरून ते ठरवता येत नाही. मी स्क्रीनचे चित्र मागवले आहे, आणि ते येईपर्यंत तो रकाना रिकामा ठेवला आहे.